मास्तरांनी निवडलेली तीनचाकी

आमचे मास्तर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी खांद्याकडे. मला बघायला ते मुरुमहून धाराशिवला आले, तेव्हा मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. सगळे माझा चेहरा बघत होते आणि हे एकटेच गृहस्थ माझ्या डाव्या खांद्याकडे टक लावून बसले होते. वडिलांनी माझं शिक्षण सांगितलं, शाळेतली नोकरी सांगितली, स्वयंपाकाचंही जरा वाढवून सांगितलं. मास्तरांचं लक्षच नव्हतं. शेवटी चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "पोरीचा डावा खांदा जरा खाली हाय. लहानपणापासून लई दप्तर वाहिलेलं दिसतंय. आमाला पसंत हाय." पुढे आठ दिवस आई मला आरशासमोर उभी करून खांदे तपासत होती. डावा खरंच खाली होता.

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, टेलर मास्तर. नात्यानं माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचे, पण अख्खं मुरुम मास्तर म्हणायचं, त्यामुळे त्यांच्याविषयी बोलताना माझ्याही तोंडात तेच बसलं. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. माझे यजमान एसटीत कंडक्टर, म्हणजे आठवड्यातले निम्मे दिवस गाडीवर. घरात मी आणि मास्तर. रस्त्याकडच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. त्यात एक पायमशीन, कापड कापायचं टेबल आणि कोनाड्यात वह्यांची चवड.

त्या वह्यांत गावातल्या पोरांची मापं होती, तीसपस्तीस वर्षांची. दरवर्षी जूनच्या आधी शाळेचे गणवेश शिवायला यायचे आणि मास्तर प्रत्येक पोराची कंबर, उंची, पायाची लांबी त्याच्या नावापुढे लिहून ठेवायचे. पुढच्या वर्षी तेच पोरगं आलं की जुनं पान काढून शेजारी नवं माप लिहायचे. ढेरी सुटलेला एखादा सोयाबीनचा व्यापारी लग्नाचा कोट शिवायला आला की मास्तर वही चाळून म्हणायचे, "दुसरीत तुझी कंबर एकोणीस व्हती बग. कुठं नेऊन ठिवलीस?" तो बिचारा पोट आत घ्यायचा.

गणवेश शिवताना त्यांचा एकच कायदा होता, तो म्हणजे वाढत्या अंगाचं शिवायचं. मुरुमच्या पोरांनी पहिलं वर्ष गणवेशात हरवून काढायचं, दुसऱ्या वर्षी तो अंगाला बसायचा आणि तिसऱ्या वर्षी दुमड उसवून पुन्हा लांब करायचा. मी शिकवते त्या शाळेत पहिलीच्या वर्गावर गेले की मास्तरांचे शर्ट लांबूनच ओळखू यायचे. मी घरी येऊन म्हणायचे, "मामा, माझ्या वर्गात पोरं दिसतच नाहीत, बाकांवर नुसते शर्ट बसलेले असतात." ते मशीन न थांबवता म्हणायचे, "पोरगं थांबतंय व्हय एका मापावर? कापड वाढत न्हाय माय, पोरगं वाढतंय. आपुन थोडं फुडं जाऊन थांबावं."

माझी लेक ओवी झाली तेव्हा तिचं उजवं पाऊल आत वळलेलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी प्लास्टर घातली, दर आठवड्याला नवी. मग बरेच महिने दांडीला जोडलेले बूट. पाऊल सरळ झालं, पण पोटरी बारीक राहिली आणि पायात जोर कमी. दोन वर्षांची होत आली तरी ओवी भिंत धरून चालायची आणि सगळा भार डाव्या पायावर टाकायची. डॉक्टर म्हणाले, "पाऊल आम्ही सरळ केलं. आता ताकद वापरानंच येणार. हा पाय तिला वापरायला लावा. तीनचाकी द्या, पायडल मारू द्या. आता आळस केला तर लंगडं चालायची सवय अंगात बसेल, मग ती काढणं अवघड." त्या दिवसापासून माझ्या डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. वर्गात फळ्यावर बेरजा लिहितानाही मला त्या पोटऱ्या दिसायच्या, एक भरलेली आणि एक बारीक.

दुकानात येणाऱ्या बायकांना कळवळा फार. एक जण म्हणाली, "मास्तर, तुमच्याच हातात कला हाय की. नातीला पायघोळ सलवारी शिवा, म्हंजी काय दिसायचंच न्हाय." मास्तरांनी तोंडातली टाचणी काढली आणि विचारलं, "चोरी केली का तिनं?" त्यानंतर मास्तरांनी ओवीला जेवढे फ्रॉक शिवले, ते सगळे गुडघ्याच्या वर. दोन्ही पाय अख्ख्या गावाला दिसतील असे. मला सुरुवातीला ते सहन व्हायचं नाही. बाजारात जाताना मी ओवीला कडेवर घ्यायची आणि तिचा उजवा पाय पदराखाली घालायची. मास्तर नुसते बघायचे. पण एकदा मी पदर सारखा करत असताना म्हणाले, "तिला वाटंल, आईला आपली लाज वाटती." मी तिथेच तिला खाली उतरवलं.

डॉक्टरांनी तीनचाकी सांगितल्यावर मास्तर कुणाला न विचारता उमरग्याला गेले आणि लोखंडी, लालभडक तीनचाकी एसटीच्या टपावर टाकून घेऊन आले. घेतली अर्थातच वाढत्या अंगाची. ओवीला तिच्यावर बसवलं तर तिचे पाय पायडलच्या वर टीचभर अंतरावर लोंबत राहिले. मास्तर म्हणाले, "येतील खाली. वरसा दोन वरसांत येतील." ओवीला ते लोंबकळणं इतकं भीतीचं वाटलं की नंतर ती सायकल दिसली तरी भोकाड पसरायची. मी म्हणाले, "मामा, दोन वर्षं आपल्याकडे आहेत कुठे?" ती तीनचाकी दुकानाच्या कोपऱ्यात पडून राहिली आणि हळूहळू तिच्यावर चिंध्यांचा ढीग जमला.

मास्तर चुकीला चूक म्हणायला घाबरत नसत, फक्त वेळ घ्यायचे. महिन्याभरानं एका सकाळी शाळेत निघताना त्यांनी मला थांबवलं. ढीग उपसून ती लाल सायकल त्यांनी बाहेर काढून ठेवली होती, कुणा थोरल्या पोराला द्यायला. म्हणाले, "चुकलं माझं. कापड वाढवून शिवता येतं, आन् दुमडून ठिवता येतं. लोखंडाला दुमड घालता येत न्हाय. आपल्याला अशी पायजेल, जी आज बी बसंल आन् तीन वरसांनी बी बसंल." मी सांगितलं की तशा निघाल्या आहेत. आधी मागून ढकलायच्या असतात, मग लेकरू मोठं होईल तसं एकेक भाग काढत जायचा. मास्तरांचे डोळे चमकले. "म्हंजी उसवायच्या," ते म्हणाले.

दिवाळीत मी माहेरी धाराशिवला निघाले तेव्हा तेही बरोबर आले. गळ्यात टेप आणि खिशात एक वही. बाजारातल्या तिसऱ्या दुकानात तशा चार गाड्या ओळीनं लावलेल्या होत्या. दुकानदार उत्साही होता. त्यानं एक बटण दाबलं, गाडी गाणं म्हणू लागली आणि चाकांत निळे दिवे लागले. मास्तर म्हणाले, "नाचायला न्यायची न्हाय. सीट कुठवर सरकती ते दाव."

दुकानदार म्हणाला, "काका, सीट काय, सगळ्यांची सारखीच असते."

"सारखं कायच नसतंय," असं म्हणून मास्तर फरशीवर मांडी घालून बसले. त्यांनी ओवीचा डावा पाय मापला, मग उजवा मापला. दोन्ही पाय वेगवेगळे मापताना मी त्यांनाच पहिल्यांदा पाहिलं. मग वही उघडली. गावातल्या कुठल्या कुठल्या पोरींची पानं त्यांनी बांधून आणली होती, बालवाडीच्या झबल्यापासून पहिलीच्या स्कर्टपर्यंत. दोन वर्षांची पोर पाच वर्षांची होईपर्यंत तिचा पाय किती लांब होतो, हे त्या बाजारात त्यांच्याएवढं कुणाला माहीत नसणार. त्यांनी प्रत्येक गाडीची सीट पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरकवून पायडलपर्यंतचं अंतर मापलं. गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे, ताठ झाला तर जोर लागत नाही, हे ते दुकानदाराला समजावत होते.

दुकानदार वैतागून म्हणाला, "काका, हे शर्टाचं दुकान नाही."

"ठाऊक हाय. शर्ट असता तर नजरेनंच घेतला असता."

दिवेवाली गाडी बाद झाली, कारण तिची सीट दोनच जागी बसत होती. दुसरीचं हँडल लांब होतं, ओवीला पुढे वाकावं लागायचं. तिसरी ठीक होती, पण पायडल गुळगुळीत. चौथी दिसायला अगदी साधी, करड्या रंगाची. तिची सीट पाच जागी बसायची, पायडलवर खरबरीत रबर होतं. वर छत, कमरेभोवती कडं, मागे ढकलायचा दांडा, आणि हे तिन्ही वेगवेगळे सुटत होते. लहान लेकराला नुसतं फिरवायचं असेल तर पायडल चाकापासून मोकळं करायची कळसुद्धा होती. मास्तरांनी ती कळ चार वेळा लावून-काढून पाहिली. मग ओवीला बसवून विचारलं, "बाई, पसंत हाय का?" ओवीनं हँडल दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि उतरायला नकार दिला. दुकानदार म्हणाला, "एवढं बघून तर लोक सोयरीकसुद्धा करत नाहीत." मास्तर गंभीरपणे म्हणाले, "खरं हाय. हिच्या आईला आमी चहात पसंत केली."

मुरुमला आल्यावर संध्याकाळचा कार्यक्रम ठरून गेला. दुकान आवरलं की मास्तर दांडा धरायचे आणि ओवीची स्वारी बाजारातून निघायची. महिन्याभरात त्यांनी छत काढलं, पुढे कडंही काढलं. कळ लावून पायडल चाकाला जोडलं. ओवीचे दोन्ही पाय वरखाली होताना बघून मला आभाळ ठेंगणं झालं. मी फोनवर आईला सांगितलं, यजमानांना सांगितलं, शाळेतल्या बाईंना सांगितलं.

सहा महिन्यांनी सोलापूरला दाखवायला गेलो. डॉक्टरांनी पोटरी तपासली आणि म्हणाले, "फारसा फरक नाही. सायकल चालवते ना?" मी म्हणाले, रोज चालवते. त्यांचा विश्वास बसला नाही हे चेहऱ्यावरून कळलं. मला राग आला. परतीच्या गाडीत मी मास्तरांजवळ डॉक्टरांना खूप बोलले. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओवीला गाडीवर बसवलं, मला दांडा धरायला लावला आणि स्वतः गाडीशेजारी वाकून चालू लागले. त्यांचा तळहात ओवीच्या उजव्या पावलाच्या आणि पायडलच्या मधे होता. दहा पावलं गेल्यावर त्यांनी थांबायला सांगितलं. उभे राहिले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. "हिचा पाय पायडलवर नुसता बसून हाय. दाबतच न्हाय. चाक फिरतंय म्हणून पाय फिरतोय, आन् चाक म्या फिरवतोय." मग रस्त्यावरच, चार माणसांदेखत ते म्हणाले, "सहा महिने म्याच हिचा पाय बसवून ठिवला की गं माय." त्यांच्या आवाजात जे होतं ते मी त्याआधी कधी ऐकलं नव्हतं. दांडा धरून मीही कितीदा ढकललं होतं.

त्याच दिवशी त्यांनी दांडा काढून टाकला. ओवी दुकानापुढे गाडीवर बसून राहिली. "आजोबा, ढकला." मास्तर आतून म्हणायचे, "दांडाच न्हाय, कशाला धरून ढकलू?" तीन दिवस ती तशीच बसत होती आणि रडत होती. मला वाटायचं जाऊन एक हलका धक्का द्यावा. मी दारापर्यंत जायची आणि मास्तरांच्या पाठीकडे बघून परत फिरायची.

मग त्यांना मशीनची युक्ती सुचली. गावातल्या बाकी टेलरांनी मशीनला मोटार लावून घेतली होती. मास्तर मात्र अजून पायानं चालवायचे, म्हणायचे, "मोटारीला काय कळतंय कुठं थांबायचं ते?" ओवीची बोटं अडकू नयेत म्हणून त्यांनी मशीनच्या चाकापुढे कापड बांधलं, सुई काढून ठेवली आणि मशीनच्या मागच्या बाजूला खाली पाट टाकून ओवीला समोरासमोर बसवलं. तिचे पाय मशीनच्या पायडलवर, शेजारी त्यांचे. "हात मांडीवर ठिवायचे. आता टाच, आता चवडा. टाच, चवडा." मशीनचं एक सांगायला हवं, तिला फसवता येत नाही. जोर कमी पडला की चाक अडतं नाहीतर उलटं फिरतं. पहिल्या दिवसापासून ते चाक उलटं फिरायचं आणि ओवी हसायची. मास्तर हळूहळू आपला एक पाय काढून घ्यायचे, मग दुसरा. पुढे ओवीचा डावा पायही खाली ठेवायला लावायचे, म्हणजे उजवा एकटा. अर्धा फेरा, मग अख्खा. गिऱ्हाईक आलं तरी शिकवणी थांबायची नाही. "ब्लाऊज उद्या न्या," मास्तर सांगायचे, "आज मशीन गुंतलेली हाय."

दीडदोन महिन्यांनी एका दुपारी मी शाळेतून आले तर मशीनला सुई लावलेली होती. वर मास्तर उशीच्या अभ्र्याला दुमड घालत होते आणि खाली ओवी दोन्ही पायांनी मशीन चालवत होती. शिवण वाकडीतिकडी आली होती. मास्तरांनी दोरा दातानं तोडला आणि अभ्रा माझ्या अंगावर टाकत म्हणाले, "घे. तुझ्या लेकीच्या पायाची शिवण हाय. उसवायची न्हाय." मी तो तोंडाला लावून भरपूर रडले.

त्या संध्याकाळी ओवी आपणहून बाहेर गेली आणि गाडीवर बसली. या वेळी "ढकला" म्हणाली नाही. स्वतःशीच "टाच, चवडा" म्हणत तिनं डावा पाय दाबला, चाक अर्धं फिरलं. उजवा वर आला. तो पाय थरथरत होता, इतका की मला दारातून दिसत होता. मग तो खाली गेला. गाडी पुढे सरकली. समोरच्या किराणा दुकानापर्यंत ती गेली आणि वळता येईना म्हणून तिथेच थांबून हाका मारू लागली. मास्तर दुकानाच्या पायरीवर उभे होते, गिऱ्हाइकाची विजार हातात. आयुष्यभर बारीक आवाजात बोललेला माणूस इतक्या मोठ्यानं ओरडला की गल्लीतली माणसं बाहेर आली. "बघा! बघा रे समदे! कुणी ढकलली न्हाय तिला!"

पुढच्या वेळी डॉक्टरांनी दोन्ही पोटऱ्या मापल्या, मान डोलावली आणि विचारलं, व्यायाम कुणी करून घेतला. मी मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तर खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "न्हाय साहेब. केला तिनं. म्या आदी सहा महिने वाया घालवले, ते बी लिहून ठिवा."

त्यानंतर दर काही महिन्यांनी मास्तर ओवीला भिंतीशी उभी करायचे, पाय मापायचे आणि सीट एक घर मागे सरकवायचे. ओवी चालायला लागली, पळायला लागली. बारकाईनं बघितलं तर उजवा पाय अजून किंचित मागे राहतो, पण त्यासाठी मास्तरांसारखी नजर लागते. चौथ्या घरावर सीट होती तेव्हा, गेल्या हिवाळ्यात, मास्तर आठवडाभर तापानं पडले आणि गेले.

त्यांना घरातून बाहेर काढलं तेव्हा गल्ली भरून माणसं होती. निम्म्यांच्या अंगाची मापं त्यांच्या वहीत असतील. यजमान मडकं घेऊन पुढे निघाले. ओवीला शेजाऱ्यांकडे ठेवायचं ठरलं होतं, पण ती कुणाच्या लक्षात येण्याआधी आपली गाडी घेऊन रस्त्यावर आली आणि माणसांच्या मागून चालवू लागली. बाजाराकडे आमचा रस्ता चढाचा आहे. एक म्हातारे गृहस्थ मागे वळून म्हणाले, "आगं, लेकराला उचला कुणीतरी. पाय दुखंल तिचा."

उचलून घ्यायला दोघंतिघं पुढे झाले. त्यांच्या आधी माझे हात पुढे झाले होते. मी ते मागे घेतले. म्हणाले, "राहू द्या. येते ती तिची ती."

लोक बाजूला झाले आणि त्यांनी तिला वाट दिली. ओवी ओठ घट्ट मिटून चढ चढत होती. डावा, मग उजवा. डावा, मग उजवा. मी तिच्याशेजारून चालले होते, हात लावत नव्हते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तरी माझी मान ताठ होती, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. चढ संपतो तिथे आमच्याकडे बायका थांबतात. मी थांबले. ओवीही थांबली. गाडी उतारावर मागे जाऊ नये म्हणून तिनं पायडल दाबून धरलं होतं, उजव्या पायानं.